वाटणीचा नियम बदलताना



कोठारात धान्य आहे, मागणारा दारात उभा आहे, त्याचा हक्कही कोणी नाकारलेला नाही. आणि तरीसुद्धा तो रिकाम्या हाताने परत जातो. असे का व्हावे? कोठारवाला लबाड असतो, हे एक उत्तर. नियमच अन्यायाचा असतो, हे दुसरे. या दोन उत्तरांवर आम्हां चळवळीतल्या माणसांनी आजवर पुष्कळ भाषणे केली आहेत. आज आम्हांला तिसऱ्या उत्तराविषयी बोलायचे आहे. जुना नियम बरा असतो, नवा नियमही बरा असतो, कोठारवाला सचोटीचा असतो; परंतु जुना नियम उचलून नवा मांडण्याच्या क्षणी जो दारात उभा असतो, तो दोहोंच्या फटीत सापडतो. त्याच्यावर अन्याय करण्याचे कोणाच्या मनात नसते, म्हणून त्याची तक्रारही कोणाच्या कानी जात नाही.

या फटीचा फार बारकाईने विचार ज्यांनी केला, त्यांत संगणकाचे कर्नेल लिहिणारे लोक आहेत. हा पलटणीतला कर्नल नव्हे. कर्नेल म्हणजे गाभा. संगणकात जेवढे प्रोग्रॅम चालतात, त्या सर्वांना वेळ, जागा आणि यंत्रसामग्री वाटून देणारा जो मूळ प्रोग्रॅम, त्याला हे नाव आहे.

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांतून आज हजेरी, पाळी, जादा काम, पगारपत्रक हे सारे संगणकावर चालते. ज्या यंत्राच्या हातात आपल्या भाकरीचा हिशेब आहे, ते यंत्र स्वतःच्या घरात वाटणी कशी करते हे पाहण्याचा आपणांस अधिकार आहे. शिवाय लिनक्स नावाचे जे कर्नेल आहे, त्याचा सगळा मजकूर वाचायला खुला आहे. कोणता बदल कोणी केला, कधी केला आणि का केला, याची नोंद त्याच्याबरोबर ठेवलेली असते. शाळा लवकर सुटलेल्या माणसालाही ती वाचता येते. वेळ मात्र लागतो.

आधी कोठार कसे असते ते पाहू. संगणकाच्या चालू स्मृतीला, म्हणजे मेमरीला, कर्नेल लहान लहान तुकड्यांनी वाटते. त्या तुकड्याला पान म्हणतात. नेहमीच्या यंत्रांत एक पान ४०९६ बाइटांचे असते. प्रोग्रॅमला जागा लागली की तो कर्नेलकडे मागतो, आणि कर्नेल त्याला रिकामे पान देते. लहान यंत्रात कोठार एकच असते, म्हणून प्रश्न सोपा असतो. मोठ्या यंत्रात तसे नसते. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये लिनक्सचा आरंभ केला. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात अनेक प्रोसेसर होते आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी होती. एकाने दुसऱ्याशी बोलायचे ते निरोप पाठवून. म्हणजे प्रत्येक घराची स्वतंत्र चूल. पुढे यंत्रे बदलली. सी-डॅकचाच ‘परम सिद्धी-एआय’ हा संगणक २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्याच्या एकेका यंत्रपेटीत दोन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येक प्रोसेसरमध्ये काम करणारे ६४ गाभे आहेत. येथे चूल सामाईक आहे, पण कोठारे दोन. प्रत्येक प्रोसेसरला एक कोठार जवळचे आणि दुसरे दूरचे. दूरच्या कोठारातूनही माल मिळतो. फक्त उशीर लागतो.

कोठारे अनेक झाली की नियम करावा लागतो. २००४ साली अँडी क्लीन यांच्या कामातून लिनक्समध्ये असे नियम आले. एखाद्या प्रोग्रॅमने जवळच्या कोठारातून घ्यावे, किंवा ठरलेल्या कोठारांतूनच घ्यावे, किंवा अमुक कोठाराला पहिली पसंती द्यावी, किंवा सर्वांतून पाळीपाळीने घ्यावे, असे हे चार प्रकार. २००५ साली आणखी एक व्यवस्था आली: प्रोग्रॅमांचे गट करायचे आणि कोणत्या गटाला कोणती कोठारे मोकळी, याची एक यादी ठेवायची. व्यवस्थापक ती यादी हवी तेव्हा बदलू शकतो. आणि आपला प्रश्न येथेच उभा राहतो. यादी बदलत असताना प्रोग्रॅम थांबलेले नसतात. ते मागतच असतात.

वाटणीचा नियम बदलणे ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मोसम आणि आरम या नद्यांवर, आणि शेजारी धुळे जिल्ह्यात पांझरेवर, फड पद्धत काही शतके चालत आली आहे. नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचे, आणि भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात उसाचे पाणी आणि कोणत्या फडात कमी पाण्याचे पीक, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पुढच्या साली पिके फडांतून फिरवायची. पाणी प्रत्यक्ष द्यायचे काम पाटकऱ्याचे. या व्यवस्थेत वाटणीचा नियम ठराविक मुदतीने बदलतो, आणि तरी कोणाचे शेत दोन नियमांच्या मध्ये कोरडे राहत नाही. का? कारण नियम बदलतो तो हंगाम संपल्यावर आणि नवा सुरू होण्याआधी. बदलाच्या वेळी दारात कोणी उभेच नसते.

कारखान्यात हंगाम नसतो, पण पाळी असते. भोंगा वाजतो, एक पाळी बाहेर पडते, दुसरी आत येते, आणि नियम बदलायचा तर त्या सांध्यावर बदलता येतो. कर्नेलला मात्र हंगामही नाही आणि भोंगाही नाही. त्याच्या दारात चोवीस तास कोणी ना कोणी उभा असतो. म्हणून फडकऱ्यांना जी सोय निसर्गाने दिली, ती कर्नेलवाल्यांना बुद्धीने निर्माण करावी लागली.

ती न केल्यास काय होते, याचे एक उदाहरण कर्नेलच्या नोंदीतच आहे. ते आम्ही आपल्या भाषेत मांडतो. दोन कोठारे आहेत असे समजा. एकाचे नाव शून्य, दुसऱ्याचे एक. एका प्रोग्रॅमला यादीप्रमाणे फक्त ‘एक’ मोकळे आहे. तो पान मागतो. कर्नेल क्रमाने शोध सुरू करते. पहिले दार शून्याचे. यादी पाहते: शून्याला परवानगी नाही. पुढे चला. नेमक्या याच क्षणी व्यवस्थापक यादी बदलतो: आजपासून या प्रोग्रॅमने ‘एक’मधून घ्यायचे नाही, शून्यातून घ्यायचे. शोध आता दुसऱ्या दारी पोचतो. यादी पाहते: ‘एक’ला परवानगी नाही. दारे संपली. जुन्या नियमाने पहिले दार बंद ठरले, नव्या नियमाने दुसरे. दोन्ही कोठारांत माल भरलेला आहे. दोन्ही नियमांनी या प्रोग्रॅमला एकेक कोठार दिलेले आहे. आणि हिशेब असा निघतो की जागा कोठेच नाही.

नुसते ‘नाही’ म्हणून हे थांबत नाही. मेमरी संपली अशी समजूत झाली की कर्नेल आपला शेवटचा उपाय काढते. त्याला ओओएम किलर म्हणतात. जागा मोकळी करण्यासाठी तो एखादा चालू प्रोग्रॅम निवडतो, साधारणपणे ज्याने पुष्कळ जागा धरली आहे असा, आणि त्याला ठार करतो. भरल्या कोठारात दुष्काळ जाहीर होतो आणि बळी एखाद्या निरपराध्याचा जातो.

माणसांच्या जगात हे घडत नाही असे कोणी म्हणू नये. एका कारखान्यात हजेरीचे कार्ड बंद करून बोटाचे यंत्र आणले, तेव्हा आम्ही तेथे काम करीत होतो. तारीख ठरली, फलक लागला, सर्व काही रीतसर झाले. पण तारीख म्हणजे मध्यरात्र, आणि रात्रपाळी मध्यरात्रीच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपते. त्या पाळीचे लोक आत आले ते कार्डावर आणि बाहेर गेले ते यंत्रावर. कार्डाच्या हिशेबात ते बाहेर पडलेच नव्हते, यंत्राच्या हिशेबात ते आत आलेच नव्हते. काम पुरे केलेले लोक दोन्ही वह्यांत गैरहजर ठरले आणि रोज कापला गेला. तो परत मिळवायला किती खेटे घालावे लागले, हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक. शून्य आणि एक या दोन दारांची गोष्ट हीच आहे.

आता उपाय पाहू. २०१० साली मियाओ शिए यांनी जो उपाय घातला, तो ऐकताक्षणी पटण्यासारखा आहे. नवे आधी जोडा, जुने मागाहून काढा. प्रथम यादीत जुनी आणि नवी दोन्ही कोठारे मोकळी ठेवायची. जो कोणी त्या वेळी पान मागत असेल, त्याचे मागणे पुरे होऊ द्यायचे. तो मोकळा झाला की मग जुनी नावे खोडायची. म्हणजे बदलाच्या काळात हक्क थोडे वाढलेले असतात. कमी कधी नसतात. नवा बंधारा पुरता झाल्याशिवाय जुना फोडू नये, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

परंतु या उपायाची एक किंमत होती, आणि ती कोण भरतो हे पाहण्याची आम्हांला खोड आहे. नियम बदलणाऱ्याला कळले पाहिजे की अमुक प्रोग्रॅम या क्षणी मागणी करतो आहे. म्हणून प्रत्येक मागणीच्या आरंभी आणि शेवटी खूण करण्याचे ठरले, आणि ती खूण इतर सर्व प्रोसेसरांना बिनचूक दिसावी म्हणून तेथे अडसर घालावे लागले. अडसर आला की वेग मंदावतो. नियम बदलणे ही क्वचित घडणारी गोष्ट. पान मागणे ही क्षणोक्षणी घडणारी. वर्षातून एकदा होणाऱ्या बदलासाठी प्रत्येक मजुराला रोज फाटकावर दोनदा थांबवावे, तसा हा प्रकार झाला.

२०१२ साली मेल गॉर्मन यांनी ही अडचण दुसऱ्या रीतीने सोडवली. त्यांनी यादीला एक क्रमांक जोडला. बदलणाऱ्याने काम सुरू करताना क्रमांक एकाने वाढवायचा आणि संपल्यावर पुन्हा एकाने वाढवायचा. क्रमांक विषम असेल तर बदल चालू आहे; सम असेल तर यादी स्थिर आहे. मागणाऱ्याने सुरुवातीला सम क्रमांक पाहून ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचे. पान मिळाले, तर प्रश्नच मिटला. कोणाला काही विचारायचे नाही. मिळाले नाही, तरच क्रमांक पुन्हा पाहायचा. तो बदललेला असेल, तर आपले अपयश दोन नियमांच्या फटीतले असू शकते; म्हणून शोध पुन्हा करायचा. बदलाचा बहुतेक भार आता बदलणाऱ्यावर आणि ऐन बदलात सापडलेल्या थोड्यांवर आला. रोज राबणाऱ्यावरचा जवळजवळ गेला.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. पण चांगली तरतूदही तिच्या शेजारी केलेल्या दुसऱ्या सुधारणेमुळे पांगळी होऊ शकते. वेग वाढवण्यासाठी २०१६ साली असे करण्यात आले की शोध कोणत्या कोठारापासून सुरू करायचा, हे एकदाच ठरवायचे आणि पुढच्या प्रयत्नांत तेच धरून चालायचे. दिसायला ही निर्दोष काटकसर. जानेवारी २०१७ मध्ये गणपतराव कुलकर्णी नावाच्या अभियंत्याने कळवले की एका कसोटीत काही सेकंदांतच ओओएम किलर धावून येतो, आणि मेमरी तर पुष्कळ मोकळी आहे. कसोटी अशी होती: एक प्रोग्रॅम सारखा जागा मागतो आहे, आणि दुसरा त्याची यादी शून्य-एक, शून्य-एक अशी आलटून पालटून बदलतो आहे. व्लास्तिमिल बाब्का यांनी कारण शोधून काढले. पुन्हा प्रयत्न होत होते, पण जुन्याच ठिकाणापासून. नव्या नियमाने मोकळे झालेले कोठार त्या ठिकाणाच्या मागे राहिलेले असे. मग कितीही वेळा पुढे चालले तरी ते सापडणार कसे?

दुरुस्ती दोन भागांत झाली. क्रमांक बदललेला दिसला, तर सुरुवात कोठून करायची हेसुद्धा नव्याने ठरवायचे, हा पहिला भाग. आणि दुसरा, जो आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो: मेमरी संपली असे जाहीर करून कोणाला मारण्याआधी क्रमांक एकदा तपासायचा. शिक्षेच्या आधी एवढेच विचारायचे की हा दोष याचा, की आपल्या बदलाचा? त्याच वर्षी पुढे, २०१० ची ती दोन टप्प्यांची रचना आता लागत नाही असे पाहून काढूनही टाकली. जे काम क्रमांक करतो, त्यासाठी दुसरी यंत्रणा पोसायची नाही. आपल्या कचेऱ्यांतून असे क्वचित घडते. तेथे नवा फॉर्म येतो, पण जुनाही भरून घेतात.

आणखी एक प्रश्न उरतो. नियम बदलला, मग आधी दिलेल्या पानांचे काय? २००४ च्या व्यवस्थेत उत्तर स्पष्ट आहे. मेमरीच्या एखाद्या भागाचे धोरण बदलले, तर ते पुढच्या वाटणीला लागू होते. हातात असलेली पाने आपोआप काढून घेतली जात नाहीत. ती हलवायची असतील तर तसे वेगळे सांगावे लागते, आणि ते काम स्वस्त नसते. मजकूर नव्या जागी उतरवायचा, पत्ते बदलायचे, आणि तोवर त्या पानाला हात लावणाऱ्याला थांबवून ठेवायचे. मिळालेल्या वस्तूला हात लावायचा तर तो उघडपणे, वेगळा हुकूम काढून लावावा, हा न्याय आपणां कामगारांच्या ओळखीचा आहे. करार झाला की आम्ही पहिले विचारतो ते हेच: लागू कोणत्या तारखेपासून?

आपल्या कायद्यानेही या फटीची थोडी दखल घेतली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने ९-अ कलम घातले गेले. मजुरी, कामाचे तास, रजा, पाळ्या अशा बाबतींत मालकाला बदल करायचा असेल, तर त्याने २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे त्याने ठरवले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसांच्या नोटिशीची ही तरतूद ठेवलेली आहे. हे कलम आम्हांला फार प्रिय आहे. पण कर्नेलचा इतिहास वाचल्यावर ध्यानात येते की नोटीस ही अर्धीच गोष्ट आहे. बदल होणार आहे हे नोटिशीने कळते. बदलाच्या क्षणी जो दारात उभा असेल त्याला काय मिळेल, हे तिने ठरत नाही. त्या रात्रपाळीलाही सूचना मिळालेली होती. तिला हवे होते ते दोन्ही वह्या काही दिवस एकत्र वाचणारे कोणी तरी, आणि रोज कापण्याआधी तारीख पाहणारे कोणी तरी.

येथे आमचे काही मित्र आक्षेप घेतील की यंत्राच्या न्यायाने माणसांचे प्रश्न सुटत नाहीत. आक्षेप खरा आहे, आणि तो दोन ठिकाणी खरा आहे. पहिले असे की पुन्हा प्रयत्न करताना यंत्राला भूक लागत नाही. त्याचा फेरा क्षणाच्याही सूक्ष्म भागात होतो. आमच्या माणसाचा एक फेरा म्हणजे एक दिवसाचा रोज आणि बसचे भाडे. म्हणून ‘उद्या पुन्हा या’ हे उत्तर यंत्राला चालते, माणसाला चालत नाही. माणसांसाठी २०१० ची रीतच बरी, नवे आधी जोडण्याची आणि जुने मागाहून काढण्याची. दुसरे असे की नियम बदलावा कसा, हे या विद्येने कळते. नियम कोणता असावा, हे कळत नाही. अन्यायाची यादीही अगदी बिनचूक क्रमांक लावून अमलात आणता येते. एखाद्या गटाची सर्व कोठारे काढून घ्यायची ठरली, तर कोणताही क्रमांक त्याला वाचवणार नाही. ती लढाई वेगळी, आणि ती आपली आपणच लढायची आहे.

तरीपण कशाकरिता लढायचे याबरोबर बदल कसा करून घ्यायचा, हेही शिकले पाहिजे. आम्ही पुष्कळदा चांगला नियम मिळवतो आणि तो लागू होताना आपलीच माणसे गमावतो. ज्यांचे नाव फटीत गेले, ते पुढच्या सभेला येत नाहीत. आणि आम्ही म्हणतो की लोकांत उत्साह राहिला नाही.

म्हणून आमची येथे जमलेल्या सर्वांना विनंती आहे, मग ते युनियनचे प्रतिनिधी असोत, सहकारी संस्थेचे पंच असोत, पाणीवापर संस्थेचे सभासद असोत की कचेरीत संगणकासमोर बसणारे असोत. वाटणीचा कोणताही नियम बदलण्याचा ठराव पुढे आला, तर नियम चांगला की वाईट यावर वाद जरूर करावा. पण सही करण्याआधी आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. बदलाच्या दिवशी जो दारात उभा असेल, त्याला जुन्या आणि नव्या दोहोंपैकी निदान एक दार नक्की उघडे आहे, ही पहिली. आणि ‘तुझे नाव यादीत नाही’ असे सांगून कोणाचा रोज, कोणाचे पाणी किंवा कोणाचे धान्य तोडण्याआधी, यादी नुकतीच बदलली होती काय, हे तोडणाऱ्याने स्वतः तपासावे, ही दुसरी. तपासण्याचे ओझे त्याचेच आहे. दारात उभ्या राहिलेल्याचे नाही.